वेणूबाईंच्या पायाचा जोर

दर रविवारी सकाळी चहा-पोहे आटोपले, की कोथरूडमधल्या त्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरून एका बाईचा आवाज खाली पोचायचा. "मारा लाथ, आई. घाबरू नका. अजून जोरात मारा." नवे भाडेकरू दचकून वर बघायचे. जुन्यांना सवय झाली होती, पण सवय झाली म्हणून कुतूहल थोडंच जातं? खालच्या मजल्यावरचे रावसाहेब सोसायटीचे चेअरमन होते, आणि नसते तरी त्यांनी तेच केलं असतं. त्यांनी सूचनाफलकावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कौटुंबिक व्यवहार खिडक्या लावून करावेत.'

व्यवहार कौटुंबिक होता हे खरं, पण रावसाहेब समजत होते तसला नव्हता. लाथ मागणारी होती उत्कर्षा, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, आणि ती मागायची आपल्या सासूकडे, वेणूबाईंकडे. ही लाथ उत्कर्षाला बसायची नव्हती, तिच्या हातातल्या एका छोट्या यंत्राला बसायची होती. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं, एका अंगाला मऊ गादी, दुसऱ्या अंगाला आकडे दाखवणारी खिडकी. पेशंटला कॉटच्या कडेवर पाय सोडून बसवायचं, यंत्राची गादी घोट्याच्या जरा वर नडगीवर टेकवायची आणि पेशंटने पाय सरळ करायला जोर लावायचा. आपण मात्र हात तसूभरही हलू द्यायचा नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूत किती ताकद आहे, ते यंत्र किलोत सांगतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. वेणूबाई त्याला 'काटा' म्हणायच्या.

वेणूबाई लोणी काळभोरच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा आनंद नोकरीपायी कोथरूडला, आणि या तिथे आपल्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या, मजेत. घरामागे शेवंतीचे वाफे होते. सकाळी फुलं तोडून टेम्पोवाल्याच्या हवाली केली, की मग दिवसभर त्या आणि त्यांचं गाव. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला घराच्या पायरीवरून पाय घसरला आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन होऊन वाटीत तार बसली. आनंदने आईला गाडीत घातलं आणि थेट आपल्या घरी आणलं.

शुद्धीवर आल्या आल्या वेणूबाईंनी विचारलं होतं, घरी कधी जायचं. डॉक्टर म्हणाले, एकटीने राहायचं तर आधाराशिवाय उठता आलं पाहिजे, पायऱ्या उतरता आल्या पाहिजेत, म्हणजे पायात जोर पाहिजे. तो आला की नाही, हे तुमची सूनच मोजून सांगेल. सुनेने हिशेब करून सांगितलं की तुमच्या वजनाच्या मानाने काट्यात वीस आले की तुम्ही मोकळ्या. वेणूबाईंनी मान डोलावली. शेवंती विकण्यात जन्म गेलेला, काट्यावर पुरेसं वजन भरल्याशिवाय माल सुटत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

व्यायामात त्यांनी कधी कसूर केली नाही. वाळूची पिशवी घोट्याला बांधून पाय वर-खाली करायचा, खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं, भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवायचे. उत्कर्षा क्लिनिकला गेली की तिच्या माघारी त्या हे सगळं दुपटीने करायच्या. एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा मेथीच्या दोन जुड्या आणि एक नारळ घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून आल्या आणि वर येऊन मेथी निवडायलाही बसल्या.

पण रविवारी काटा काढला की बारा वाजायचे. कधी नऊ यायचे, कधी चौदा, कधी अकरा. उजव्या पायाचं एक वेळ समजण्यासारखं होतं, तो फुटलेला. डावा तर धडधाकट होता, त्याचीही तीच गत. उत्कर्षा समोर छोट्या स्टुलावर बसून जीव तोडून ओरडायची आणि वेणूबाईंचा पाय नुसता गादीला टेकायचा, किंचित पुढे यायचा आणि थबकायचा. मापन संपलं की त्या खाली वाकून उत्कर्षाच्या मनगटाला हात लावायच्या आणि तो हात आपल्या कपाळाला लावायच्या. आभार मानायची ही गावाकडची तऱ्हा असेल, असं उत्कर्षाने ठरवून टाकलं होतं.

"तुझा काटा खोटा हाय," वेणूबाई म्हणायच्या. बाजारातले काटे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

काटा खोटा नव्हता. क्लिनिकमध्ये तोच काटा बरोबर बोलायचा. तिथे क्रिकेट खेळताना गुडघा धरलेली पोरं यायची. त्यांना उत्कर्षा सांगायची, मॅडमला लाथ मारायची आहे असं समजा, आणि पोरं अगदी मनापासून समजायची. इतकी, की उत्कर्षाचाच हात मागे सरकायचा आणि मग पट्टा वापरावा लागायचा. पट्ट्याचं एक टोक टेबलाच्या पायाला बांधायचं, दुसरं पेशंटच्या नडगीभोवती, मध्ये यंत्र. मोजणाऱ्याच्या हाताची ताकद मग मध्ये येत नाही. सासूबाईंच्या पायासाठी पट्टा कशाला लागतोय, म्हणून तो तिने घरी कधी आणला नाही. मॅडमला लाथ मारण्याचं वाक्य मात्र आणलं आणि स्वतःच्या सासूला ऐकवलं. शिकलेलं माणूस कधी कधी ठार आंधळं असतं, त्याला इलाज नाही.

आंधळं असलं तरी ते अडाणी नसतं, हीच तर पंचाईत. प्रत्येक पायाची ताकद तीनदा मोजायची असते. माणूस सगळा जोर लावत असेल तर तिन्ही आकडे जवळपास येतात, हातचं राखून ढकलत असेल तर तीन दिशांना तीन जातात. हे उत्कर्षाला पाठ होतं. वेणूबाईंचे आकडे तीन दिशांना जात होते. म्हणजे आई जोर लावत नाहीयेत. मुद्दाम लावत नाहीयेत. एका रविवारी यंत्र पिशवीत घालताना तिला एकदम त्याचं कारण सुचलं आणि ती तशीच हातात पिशवी धरून उभी राहिली. आईंना घरी जायचंच नाहीये. तोंडाने म्हणताहेत जायचं, पण पाय नाही म्हणतोय.

तिला इतका आनंद झाला, की तो लपवायला ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली. कपडे सगळे वाळलेले होते.

आनंद व्हायला कारण होतं. वेणूबाई येण्याआधी ते घर म्हणजे दोन लॅपटॉप आणि एक फ्रिज होतं. आता संध्याकाळी दार उघडलं की आत कुणीतरी असायचं. चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवर येत नाही म्हणून रोज कुरकुर करणारं आणि रोज गरम भाकरी वाढणारं. उत्कर्षाचं डोकं दुखलं तर न विचारता तेलाची वाटी घेऊन मागे बसणारं. क्लिनिकमधल्या कटकटी ती आनंदला सांगायची नाही, तो लगेच उपाय सुचवायचा. वेणूबाईंना सांगायची. त्या उपाय सुचवायच्या नाहीत, समोरच्याला दोन सणसणीत शिव्या द्यायच्या आणि उत्कर्षाला बरं वाटायचं. सासू-सुनांच्या ज्या कहाण्या ती मैत्रिणींकडून ऐकत होती, त्यांत आपल्याला सांगायला काही नाही, याची तिला थोडी लाजच वाटायची. तिची सासू तर तिला साधं पायाही पडू द्यायची नाही. दिवाळीला उत्कर्षा वाकली की वेणूबाई मध्येच तिचे दंड धरून उचलायच्या, असू दे, असू दे म्हणत. किती पुढारलेली सासू, म्हणून उत्कर्षा कौतुकाने चार ठिकाणी सांगायची.

तेव्हा आईंना इथे राहायचंय, हा शोध तिने कुणाला सांगितला नाही. उघड बोलून त्यांना लाजवायचं कशाला? तिने फक्त आनंदला एवढंच सांगितलं की आकडा काही वाढत नाहीये.

आनंद काळजी करण्यात तरबेज माणूस. आकडा वाढत नाही म्हटल्यावर त्याला रिकामं घर दिसायला लागलं, दाराला लागलेली वाळवी दिसायला लागली. लोणीत कॉलेजं आहेत, खोल्या शोधणारे विद्यार्थी पायलीचे पन्नास. शेजारच्या मंदाकिनीकाकूंनी फोनवर सांगितलं की तीन मुलं चांगली आहेत, नव्या सत्रापासून येतो म्हणताहेत. आनंदने आईला विचारलं. महिनाअखेरीपर्यंत आकडा आला नाही तर घर वर्षभरासाठी देऊ या का? वेणूबाई म्हणाल्या, तुला योग्य वाटंल तसं कर. आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिल्या. फोटो आनंदच्या आजीचा, म्हणजे वेणूबाईंच्या सासूचा. आनंदचा आजीवर फार जीव. तिने पदराआडून दिलेल्या लाडवांच्या गोष्टी तो अजूनही सांगायचा आणि दसऱ्याला फोटोला हार स्वतः घालायचा.

आईंनी नाही म्हटलं नाही, हे उत्कर्षाने बरोबर टिपलं. तिच्या शोधाला आणखी एक पुरावा मिळाला. माणसाला एकदा हवं ते दिसायला लागलं की पुराव्यांची कमी पडत नाही.

महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला. आनंद लोणीला जायला निघाला, दुपारी ती मुलं किल्ली घ्यायला येणार होती. निघताना त्याने आईला विचारलं की तिथून काही आणायचं आहे का. वेणूबाई म्हणाल्या, दाराशी तुळस हाय, तिला पानी घाल म्हनावं पोरान्ला. एवढंच.

तो गेल्यावर सासू-सुना बाल्कनीत ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या. थंडीचे दिवस, ऊन अंगावर छान वाटत होतं. उत्कर्षाला राहवेना. आता सगळं ठरल्यासारखंच आहे, तर आईंच्या मनावरचं ओझं आपणच उतरवावं, असं तिला वाटलं.

"आई, एक सांगू? मला कळलंय," ती म्हणाली. "तुम्ही पायात जोर लावत नाही ते. लावायचा नव्हता तर नका लावू. तुम्ही इथे राहताय, याहून मला दुसरं काहीच नको आहे."

वेणूबाईंच्या हातातला घाटा तसाच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते उत्कर्षाला लगेच समजलं नाही. ते सुटल्याचं समाधान नक्की नव्हतं.

"मला जायचं न्हाई असं कुनी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

उत्कर्षा गोंधळली. तिने आकड्यांचं सांगितलं, तीन दिशांचं सांगितलं, धडधाकट डाव्या पायाचं सांगितलं. तुम्ही जोर लावत नाही एवढं तर खरं ना, असं विचारलं. वेणूबाई म्हणाल्या, ते खरं हाय. मग का नाही लावत? त्यांनी आत फोटो होता त्या दिशेला एकदा बघितलं, घरात कुणी नाही याची जणू खात्री करून घेतली, आणि आवाज खाली आणून बोलायला लागल्या.

"मी नवी नवरी हुते. सासूबाई चुलीम्होरं बसल्या हुत्या, मी भाकरी थापत हुते. एक भाकरी करपली. त्यांनी बसल्या जागंवरनं लाथ मारली. हितं, कमरंत. दुखलं न्हाई फारसं. पन ती लाथ हुती." त्यांनी घाटा सोलून दाणे परातीत टाकले. "म्हातारपनी त्या लई मऊ झाल्या. त्याच पायांना मी शेवटपर्यंत तेल लावलं. त्यांचं वाईट बोलायचं न्हाई मला. पन त्या दिशी चुलीम्होरं ठरवलं, आपली सून यील तवा तिच्यावर पाय उचलायचा न्हाई. कवाच न्हाई. आन तू दर आयतवारी म्होरं बसून म्हनतीस, मार लाथ."

"मला नाही हो, आई. काट्याला."

"काट्याच्या मागं कोन हाय?"

वेणूबाई म्हणाल्या, त्यांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. दर वेळी ठरवून बसायच्या, आज डोळे मिटून मारू. पाय निघायचा, गादीला लागायचा, आणि पलीकडे हिचे हात आहेत हे त्या पायाला कळायचं. मग तो पुढे जायचाच नाही. खालचे रावसाहेब तर एकदा लिफ्टमध्ये हसून म्हणाले होते, तुमच्याकडे सूनबाई स्वतःच लाथा मागतात, नशीबवान आहात. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

उत्कर्षाला सगळं एकदम आठवलं. मापन झाल्यावर मनगटाला लागणारा आणि मग कपाळाकडे जाणारा तो हात. चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो तो नमस्कार. आभार कसले, आई दर रविवारी आपली माफी मागत होत्या. दंड धरून मध्येच उचलणंही पुढारलेपण नव्हतं. ही बाई आपले पाय सुनेपासून सांभाळत होती, दुसरं काही नाही. तिला स्वतःची शरम वाटली, वेणूबाईंचा थोडा रागही आला, आणि प्रेम तर इतकं दाटून आलं की तिने उगाच स्वयंपाकाचं विचारलं, हरभऱ्याची उसळ करायची की आमटी.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" तिने मग विचारलं.

"आनंदच्या आजीचं त्याच्याच घरात कसं सांगायचं? त्याला तू बी सांगू नगंस. त्याची आजी त्याला ऱ्हाऊ दे." वेणूबाईंनी परात पुढे सरकवली. "घराचं काय. दिऊ दे त्याला. हितं बी माझं काय वाईट चाललंय? तू हायेस."

उत्कर्षा चहा टाकायला म्हणून उठली. तिला विचार करायला ओट्यापाशी बरं पडायचं.

सासूने तिला अगदी सोपी वाट करून दिली होती. काही न करणं एवढंच करायचं होतं. आनंद अजून हडपसरच्या अलीकडेच असेल. चहा उकळेपर्यंत गप्प राहिलं, उसळ शिजेपर्यंत गप्प राहिलं, की किल्ली त्या मुलांच्या हातात जाईल आणि आई इथे राहतील. वर्षभर तरी. कुणी तिला दोष देणार नव्हतं, आकडे तर खरेच कमी होते. आणि आईंनीच म्हटलंय ना, माझं काय वाईट चाललंय. तिला तसं करावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. चहा उतू गेला तेव्हा तिने गॅस बंद केला, ओट्यावरचा ओघळ पुसला आणि बाल्कनीच्या दारात येऊन विचारलं, "आई, तुम्हाला जायचंय का?"

वेणूबाईंनी मान वर केली नाही. "माझं घर हाय गं ते," त्या म्हणाल्या.

उत्कर्षा स्टुलावर चढली आणि माळ्यावरून प्रवासाच्या बॅगेला बांधायचा रुंद पट्टा काढला. खोलीतली जुनी लोखंडी कॉट भक्कम होती. वेणूबाईंना तिच्यावर बसवलं, पट्ट्याचं एक टोक कॉटच्या मागच्या पायाला आवळलं, पट्टा नडगीवरून फिरवून आणला आणि मध्ये यंत्र बसवलं. मग ती समोरून उठली आणि मुद्दाम भिंतीशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखी.

"आता काट्यामागे कोणी नाही," ती म्हणाली. "नुसती कॉट आहे."

वेणूबाईंनी वाकून पट्टा निरखला, कॉटचा पाय निरखला. "खाटंला मारायला माझी ना न्हाई," म्हणाल्या आणि पदर खोचला.

पट्टा कर्रकन ताणला गेला. कॉट कुरकुरली. वेणूबाईंचे डोळे बारीक झाले, ओठ आवळले गेले, आणि उत्कर्षाने इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या मांडीवरचा स्नायू दगडासारखा घट्ट होताना पाहिला. काट्यात तेवीस आले. दम खाऊन पुन्हा केलं, चोवीस. तिसऱ्यांदा तेवीस. तिन्ही आकडे शेजारी शेजारी उभे राहिले. डाव्या पायाने तर सव्वीसची मजल मारली.

"हाय का?" वेणूबाईंनी विचारलं.

"हाय," उत्कर्षा म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द त्यांच्यासारखाच निघाला. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही तसंच राहू देऊन तिने आनंदला फोन लावला.

तिने त्याला सांगितलं की किल्ली देऊ नकोस, आईंच्या पायात जोर आहे, मोजायची पद्धत चुकली होती. कुणाची चुकली, त्याने विचारलं. माझी, ती म्हणाली, पट्टा लावायला हवा होता, मी हातानेच मोजत बसले. पुढे कितीतरी दिवस आनंदने त्यावरून तिची यथेच्छ टर उडवली. घरात फिजिओथेरपिस्ट आणि आईचा पाय मोजायला बॅगेचा पट्टा, हा त्याचा आवडता विनोद झाला. उत्कर्षाने तो दर वेळी निमूट ऐकून घेतला. त्याची आजी त्याला राहिली. ती तीन मुलं मंदाकिनीकाकूंच्याच माडीवर राहायला गेली आणि रावसाहेबांच्या रविवारच्या सकाळी फार सुन्या झाल्या.

वेणूबाई लोणीला गेल्या त्या दिवशी उत्कर्षा आनंदबरोबर गाडीत होती. घराला तीन पायऱ्या होत्या. त्या तिन्ही पायऱ्या वेणूबाई एका दमात चढल्या, वर जाऊन वळल्या, पुन्हा खाली आल्या आणि पुन्हा वर गेल्या, कुणी तरी पाहतंय याची खात्री करून. कोथरूडच्या घरी परतल्यावर उत्कर्षाने दार उघडलं तेव्हा आत फ्रिजचा आवाज येत होता. ती तशीच चपला न काढता सोफ्यावर बसली. बरोबर केलं हे तिला माहीत होतं. बरोबर केलं की बरं वाटतं, असं ज्याने कुणी सांगितलंय त्याने अर्धंच सांगितलंय.

महिन्याभराने एका रविवारी दोघं लोणीला गेली. उत्कर्षाने यंत्र आणि पट्टा बरोबर घेतला होता, या वेळी क्लिनिकचा, चांगला. अंगणात शेवंतीच्या पाट्या भरून ठेवलेल्या. वेणूबाईंना ओट्यावर बसवून तिने पट्टा ओसरीच्या खांबाला बांधला. उजव्या पायाचा आकडा डाव्याच्या हाताशी आला होता. उत्कर्षा खूश झाली आणि पट्टा सोडायला लागली.

"थांब," वेणूबाई म्हणाल्या. "आता तू बस."

तिला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी तिला दंडाला धरून ओट्यावर बसवलं, स्वतः समोर पाट घेऊन बसल्या, आणि फुटलेला गुडघा बेताने वाकवत तो काटा दोन्ही हातांत घेऊन तिच्या नडगीला टेकवला. पट्टा नाही, खांब नाही. फुलं तोडून तोडून खरखरीत झालेले हात, त्यात काटा, आणि पलीकडे उत्कर्षाचा पाय. अंगणात पाणी मारत असलेला आनंद नळी हातात धरून बघत राहिला.

"मार लाथ," वेणूबाई म्हणाल्या. "घाबरू नगंस. जोरात मार."

उत्कर्षाच्या पायात जोर कमी नव्हता. रोज ती चार जिने चढायची, क्लिनिकमध्ये स्वतःवर काटा लावून पाहायची तेव्हा चाळीस सहज यायचे. तिने श्वास घेतला आणि पाय सरळ करायला गेली. गादीमागे वेणूबाईंची बोटं होती. बोटांमागे त्यांची छाती, आणि वर त्यांचा चेहरा, गंभीर, अगदी उत्कर्षाच्या क्लिनिकमधल्या चेहऱ्यासारखा. पाय निघाला, गादीला लागला आणि थांबला. तिने पुन्हा जोर लावायचा प्रयत्न केला. तो कुठे जातच नव्हता.

आनंद हसत म्हणाला, अगं, आईपेक्षा कच्चा निघाला की तुझा पाय. उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती वाकली, वेणूबाईंच्या मनगटाला हात लावला आणि तो आपल्या कपाळाला लावला. या वेळी वेणूबाईंनी तिला मध्येच उचललं नाही.

त्यांनी काटा उन्हात धरला, डोळे बारीक करून खिडकीतला आकडा वाचला, सात, आणि यंत्राची गादी पदराने पुसून तिच्या हातात दिली.

"काटा खरा हाय गं तुझा," त्या म्हणाल्या.